दहापैकी चार

१२ जानेवारी

कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाने सांगितलं म्हणून ही वही. "ताई, आजपासून सगळं तारखेसकट लिहून ठेवा. कोण काय बोललं, कधी बोललं. इथे भांडणं खोलीवरून होत नाहीत, तारखेवरून होतात." एवढं बोलून त्याने माझ्या कागदावर असा शिक्का हाणला की शेजारच्या टेबलावरचा चहा हलला. मी त्याचं नाव शिक्का ठेवलंय.

तर तारखेसकट. आज चष्म्याच्या दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन नगररचना कार्यालयात गेले आणि आश्रित खोलीचा अर्ज आणला. नियम असा की घरामागे मोकळी जागा असेल तर म्हाताऱ्या किंवा अपंग नातेवाइकासाठी तिथे एक खोली बांधता येते. एकच. तिच्यात गॅस नको, चूल नको. माणूस 'तिथे राहायचा थांबला' की तीन महिन्यांत खोली पाडायची. राहायचा थांबला! हे कुणी लिहिलं असेल? त्याला काय सगळे एक दिवस उठून दुसरीकडे राहायला जातात असं वाटतं का?

आणि आश्रित म्हणजे कोण, तर अर्जात दहा कामांची यादी आहे. त्यातली निदान चार त्या माणसाला एकट्याने जमता कामा नयेत. कार्यालयाचं कुणीतरी घरी येऊन तपासणार. तपासून वर्ग देणार, अ किंवा ब. वर्ग अ मिळाला तर खोलीला बाहेरून वेगळं दार ठेवता येतं.

आम्हाला वर्ग अ पाहिजे. कारण बाबांची एकच अट आहे. नोव्हेंबरात जिन्यावरून पडले, हनुवटीला सहा टाके पडले, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तरी अट कायम. "मुलीच्या घरात राहणार नाही. मुलीच्या घरामागे राहीन. माझं दार मागच्या गल्लीत उघडलं पाहिजे. तुमच्या स्वयंपाकघरातून ये-जा करून मी पाहुणा होणार नाही." वेगळं दार नाही तर बाबा नाहीत. ते तिसऱ्या मजल्यावरच राहणार आणि मी रोज संध्याकाळी फोन उचलेपर्यंत श्वास धरणार.

१८ जानेवारी

बाबांकडे गेले होते. घरात अजून भुसा असतो. सुतारकाम सोडून सहा वर्षं झाली, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर पण एक पटाशी पडलेली. मी यादी वाचून दाखवली. अंघोळ. कपडे घालणं. गॅस पेटवणं आणि बंद करणं. जिना. औषधं वेळेवर घेणं. जेवण वाढून घेणं. बाहेर जाऊन एकट्याने परत येणं. फोन लावणं. संडास. कुलूप लावणं-उघडणं.

"ह्यातलं मला काय येत नाही?" बाबा म्हणाले.

"सगळं येतं. तोच तर घोळ आहे."

"म्हणजे चांगल्या माणसाला खोली नाही?"

"चार कामं येत नाहीत असं दाखवायचं, बाबा. एक दिवसाचं नाटक. ते लोक येतील, बघतील, लिहून घेतील, जातील. मी चार काढून ठेवलीत. अंघोळ, कपडे, जिना आणि..."

"संडासाचं नाटक करू मी? परक्या माणसापुढे? तुझी अक्कल कुठे गेली, ठमे?"

(ठमी मी. सहा वर्षांची असल्यापासून. दुकानात कुणाला कळलं तर माझं काही खरं नाही.)

 मला वाटलं, झालं, बिनसलं. पण त्यांनी भिंग मागितलं, अर्ज घेतला आणि दोन्ही बाजू वाचल्या. अर्धा तास. मी तोवर खिडक्या पुसल्या. शेवटी कानावरची चपटी पेन्सिल काढली आणि चार कामांपुढे रेघा मारल्या. गॅस. औषधं. बाहेर जाऊन परत येणं. फोन.

"जिना घ्या ना. जिन्यावरून तर खरंच पडलात."

"जिना मी चढतो. ही चार घे."

"फोन? फोनचं काय नाटक करणार तुम्ही?"

"ते मी बघतो ना. नट मी की तू?"

निघताना मी पायऱ्या उतरत होते तर बाबा वरून म्हणाले, "आणि दार मी बनवणार. विकतचं दार लावलंस तर मी येणार नाही."

२५ जानेवारी

पहिली तालीम. आमच्याकडे. मी म्हटलं, गॅसपासून सुरू करू. बाबांनी दूध तापत ठेवलं आणि मागच्या अंगणात निघून गेले, टेप घेऊन, खोलीची मापं घ्यायला. मी मुद्दाम उठले नाही. दूध उतू गेलं, गॅस विझला, वास यायला लागला, तेव्हा मी उठून बंद केला आणि टाळ्याच वाजवल्या. "वा, बाबा, वा!"

ते दारात उभे. पातेल्याकडे बघत होते. मग म्हणाले, "जमलं ना?"

"जमलं? पहिल्याच तालमीत बाजी मारलीत!"

ह्याने ओटा पुसला. एक शब्द बोलला नाही. माझा नवरा वीजमीटर वाचत दारोदार फिरतो, दिवसभर बोलून घरी आला की शब्दांचं मीटर बंद. मी मनावर घेतलं नाही.

३ फेब्रुवारी

दुकानात एक बाई आली. समोरचा तक्ता तिने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मी काही न बोलता तक्ता बदलला. दुसऱ्या ओळीलाच अडली. "पाठ केला होतात ना?" म्हटलं. ती लाजून हसली. तिला ड्रायव्हिंगसाठी प्रमाणपत्र पाहिजे होतं. म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, आठ वर्षं हेच करतेय. ज्याला दिसत नाही तो जरा जास्तच पटपट वाचतो. मला फसवणं सोपं नाही.

८ फेब्रुवारी

आजची तालीम: बाहेर जाऊन परत येणं. मी म्हटलं, कोपऱ्यावरून साखर आणा आणि येताना चुकून दाखवा. किती वेळ चुकायचं ते तुमच्यावर. पाऊण तासाने मला वाटलं, कमाल आहे. सव्वा तासाने हा चप्पल घालायला लागला. तेवढ्यात सायकल दुरुस्तीवाला बाबांना हाताला धरून घेऊन आला. शर्ट घामाने चिंब. साखर नाही.

सायकलवाल्यालासुद्धा सामील करून घेतलं! मी हसून हसून दमले. बाबा पण हसले, पण खुर्चीत बसले ते तासभर उठले नाहीत. वय आहे. एवढं चालायचं म्हणजे.

ते गेल्यावर हा म्हणाला, "सायकलवाला म्हणत होता, ते घाबरले होते."

"घाबरल्यासारखं करणं म्हणजेच अभिनय."

"परवा मी त्यांच्याकडे मीटर बघायला गेलो होतो. तू नव्हतीस. तालीम नव्हती. गॅस चालू होता, वर काही नव्हतं."

"सराव करत असतील."

"एकटे?"

"सराव एकट्यानेच करतात!"

"अगं, जरा ऐक..."

"तुला माझे बाबा इथे यायला नकोत, सरळ सांग ना." हे मी बोलले. बोलायला नको होतं. तो तसा नाही, मला माहीत आहे. पण तोंडातून गेलं.

१० फेब्रुवारी

हा बोलत नाही. मीही नाही. डबा मात्र दोघांनी एकमेकांचा भरला.

२२ फेब्रुवारी

आज दार आलं! बाबांनी टेम्पो करून आणलं, वर कापड बांधून, नवरीसारखं. दोन आठवडे खपत होते. खाली ठेवून कापड काढलं आणि मी बघतच राहिले. एवढा गुळगुळीत रंधा की हात फिरवला तर हात घसरतो. मधे तीन फळ्या, सांधे कुठे आहेत ते शोधावे लागतात. अंगणातून शेजारचे लोक बघायला आले.

मग ह्याने ते उभं धरलं आणि म्हणाला, "बाबा, बिजागऱ्या कुठल्या बाजूला?"

दाराला बिजागऱ्यांच्या खाचा दोन्ही बाजूंना होत्या. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. पटाशीने मारलेल्या, अगदी नेमक्या, एकसारख्या. दोन्हीकडे बिजागऱ्या बसवल्या तर ते दार कुठेच उघडणार नाही.

 मग मला कळलं आणि मी अशी हसत सुटले की खाली बसले. हे त्या नियमांचं दार! ना इकडे उघडणार ना तिकडे. कार्यालयाला असंच दार पाहिजे ना, घ्या! बाबांनी एवढ्या मेहनतीने विनोद केला होता. मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं, तेही हसले. बाबा सगळ्यांत शेवटी हसले. दाराच्या कडेवरून बोट फिरवत होते. डावीकडून, मग उजवीकडून.

"तपासणीला दाखवू," ते म्हणाले.

"नको नको, कार्यालयाला विनोद कळत नाहीत."

हा दार आत घेऊन गेला आणि पलंगामागे उभं करून ठेवलं. चेहरा असा की कुणीतरी वारलंय. माझ्या नवऱ्याला विनोदाचं अंग नाही, हे लग्नाआधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

११ मार्च

तपासणी झाली. आमच्याकडेच. सगळं लिहून ठेवते.

तपासनीस बाई साठीला टेकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या. मला वाटलं होतं, फाईल घेऊन कुणी खडूस येईल. ह्या आल्या त्या आधी पाणी मागितलं, मग म्हणाल्या, "काका, चहा कराल का माझ्यासाठी?" बाबांनी पाणी ठेवलं. वळून विचारलं, "साखर किती?" "एक चमचा." बाबांनी घातली. परत वळले. "साखर किती?" बाई म्हणाल्या, "एक." परत घातली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आवरेना, मी खिडकीतून बाहेर बघत बसले. हे तर तालमीत पण नव्हतं! चहा गाळला आणि गॅस तसाच चालू. बाईंनी उठून बंद केला. आवाज न करता.

औषधांची डबी पुढे ठेवली. बाबांनी सकाळची गोळी घेतली. सकाळी माझ्यासमोर घेतली होती, तरी परत घेतली. बाईंनी हात धरला आणि गोळी काढून घेतली. फोन हातात दिला, "मुलीला लावा." मी तिथेच बसले होते. बाबा फोनकडे बघत राहिले. किती वेळ. अंगठा एकदा वर नेला, खाली आणला. मला वाटलं, आता पुरे, बाबा, जास्त होतंय.

मग बाई त्यांना घेऊन कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आता मला परत न्या." चाळीस मिनिटं. परत आल्या तेव्हा बाबांचा हात त्यांच्या हातात होता, दोघं काहीतरी लाकडाबद्दल बोलत होते.

बाबा आत पडले. बाईंनी मला विचारलं, "कधीपासून?"

"सहा महिने," मी म्हटलं. आमचं ठरलं होतं तसं.

त्या लिहायच्या थांबल्या. "बरीच वर्षं हे काम करतेय. खोटं करणारे लोक जिना निवडतात. अंघोळ निवडतात. डोळ्यांना दिसेल असं. ही चार कुणी निवडत नाही."

 पकडलं! घाबरून तोंडातून गेलं, "ही बाबांनीच निवडलीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग फाईल मिटली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. का ठेवला कळलं नाही. "ते उत्तम कारागीर असणार," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

माझी खात्री आहे, मी घालवलं. 'निवडलीत' म्हटलं! आजाऱ्याने आजार निवडला म्हणे. गाढव आहे मी.

२७ मार्च

पत्र आलं. खोली मंजूर. मी ओरडले. मग पुढची ओळ वाचली. वर्ग ब.

वर्ग ब म्हणजे देखरेख. खोलीला एकच दार, तेही मुख्य घरात उघडणारं. गल्लीकडे दार नाही. गल्लीकडे मोठी खिडकीसुद्धा नाही.

अर्जाच्या मागच्या बाजूला, सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तळटीप आहे. गॅस आणि रस्ता ही दोन्ही कामं जमत नसतील तर एकूण किती जमतात ते न बघता वर्ग ब. दिवसभर लोकांना 'सगळ्यात खालची ओळ वाचा' सांगणारी मी. मीच वाचली नाही.

बाबांना फोन केला नाही. काय सांगू? तुम्ही फार चांगलं काम केलंत म्हणून दार गेलं?

२८ मार्च

शिक्क्याकडे गेले. म्हणाला, "अपील करा. तीस दिवस आहेत. दोनपैकी एक काम जमतं असं दाखवायचं. गॅस किंवा रस्ता. मंजूर झालेली खोली जात नाही, फेरतपासणी फक्त वर्गाची होईल. वर्ग अ मिळेल, दार मिळेल. अपिलात काय लिहाल?"

"खरं लिहीन. की ते नाटक होतं. त्यांना सगळं येतं."

त्याने शिक्का खाली ठेवला. पहिल्यांदाच. "ताई, तसं लिहू नका. 'प्रकृतीत सुधारणा' असं लिहा. आणि लिहायच्या आधी काकांशी बोला."

"त्यांच्याशी काय बोलायचं? दार त्यांचं आहे."

"म्हणूनच," म्हणाला.

५ एप्रिल

बाबांकडे गेले. ते एक फळी तासत होते. कशासाठी, ते विचारलं नाही. सगळं सांगितलं. पत्र, वर्ग ब, तळटीप, अपील. मी एका दमात बोलत होते.

"आता फक्त उलटं करायचं, बाबा. नाटक बंद. गॅस नाहीतर रस्ता, कुठलंही एक, नेहमीसारखं करून दाखवायचं."

रंधा थांबला.

"नाही जमायचं, ठमे."

"अहो, आता सोंग करायचं नाहीये. नेहमीसारखं करायचं."

"तेच सांगतोय. नेहमीसारखंच केलं होतं."

खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती. मी त्या आवाजाकडे लक्ष देत बसले. बाबांनी फळीवरचा भुसा फुंकला.

"कधीपासून?" मी विचारलं. विचारल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न मला आधी कुणीतरी विचारला होता आणि मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं.

"आई गेली, त्याच्या पुढच्या थंडीत. दोन वर्षं झाली. नाटक म्हणशील तर ते होतं. तू यायच्या दिवशी मी गॅस पेटवायचोच नाही. बाहेरून आणलं म्हणायचो. बाहेरून पण आणलेलं नसायचं. तुझा फोन यायच्या वेळेला खुर्ची फोनजवळ ओढून बसायचो, कारण मला लावता येत नव्हता, उचलता येत होता. घामाघूम व्हायचो गं. मग तू आलीस, म्हणालीस, बाबा, येत नाही असं नाटक करा." ते हसले. खरंच हसले. "मला वाटलं, चला, सुट्टी मिळाली."

"आणि तळटीप?"

"वाचली होती. भिंग कशाला मागितलं होतं?"

"मग तीच दोन का घेतलीत? अंघोळ घ्यायची, जिना घ्यायचा! दार मिळालं असतं!"

"दुसरी घेतली असती तर खोटं झालं असतं."

"मग दार कशाला बनवलंत?" मी ओरडलेच. "मिळणार नाही माहीत होतं तर दोन आठवडे कशाला खपलात?"

बाबांनी रंधा उलटा धरला, पात्याची धार अंगठ्याने बघितली.

"येतं का अजून, ते बघत होतो."

त्या दाराजवळ बसून मी कशी हसले होते ते आठवलं. शेजारी गोळा केले होते मी. मी मान खाली घालून भुसा झाडायला लागले. बाबांना दिसलं असणार.

"तू हसलीस ते बरं झालं," म्हणाले. "नाहीतर मला तिथेच रडू आलं असतं. लोकांसमोर."

६ एप्रिल

ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं लिहिलंय. तारखेसकट. दूध, सायकलवाला, साखर, खाचा. कुणालाही दाखवली असती तर त्याने दुसऱ्याच पानावर सांगितलं असतं.

ह्याला जाऊन सॉरी म्हटलं. हा म्हणाला, "मलाही नीट सांगता आलं नाही." मग आम्ही दोघं पलंगामागे उभ्या केलेल्या दाराकडे बघत बसलो.

२४ एप्रिल

अपिलाची मुदत परवा संपतेय. आज शिक्क्याकडे गेले. त्याने रजिस्टर उघडलं. "अपील?"

"नाही."

त्याने रकान्यात 'नाही' लिहिलं आणि शिक्का मारला, पण हळू. मग म्हणाला, "माझी आई वर्ग ब होती." होती.

मी त्याला विचारलं, हा नियम कुणी केला? तो म्हणाला, "अशीच एक खोली होती, गल्लीकडे दार असलेली. तिथले आजोबा पहाटे बाहेर पडले. तीन दिवसांनी सापडले. त्यांच्या मुलाने वर्षभर हेलपाटे घालून ती तळटीप घालून घेतली." मी आजपर्यंत त्या तळटिपेला शिव्या घालत होते. अजूनही घालावंसं वाटतं. पण कुणाला घालू?

१७ मे

बांधकाम सुरू होऊन दहा दिवस झाले. आज बाबा बघायला आले. गवंड्याने जुन्या नकाशावरून गल्लीच्या बाजूला दाराएवढी जागा सोडली होती. मला सांगायचं राहून गेलं होतं. खोटं कशाला लिहू. राहून गेलं नव्हतं, मी सांगत नव्हते. त्या मोकळ्या जागेतून गल्ली दिसते. समोरच्या भिंतीवर ऊन होतं. बाबा तिथे येऊन उभे राहिले.

गवंडी म्हणाला, "इथे काय करायचं, काका?"

"भिंत घे."

"बाबा, आपण खिडकी तरी मागू. लहान. मी परत अर्ज..."

"इथनं मी बाहेर पडणार, ठमे. पडलो की परत यायला दार लागतं, आणि ते मला सापडणार नाही. भिंत घे रे."

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबांनी पहिली वीट स्वतः ठेवली, ती वाकडी बसली, गवंड्याने न बोलता सरळ केली.

मग बाबा आतल्या बाजूला आले, जिथून खोली आमच्या स्वयंपाकघराला लागते. चौकटीवर हात ठेवून म्हणाले, "दार तुझ्या घरात उघडतंय ना? उघडू दे. पण वाजवून यायचं. मी ये म्हटलं तर आत. नाही म्हटलं तर बाहेर. तू, तुझा नवरा, डॉक्टर, ती तपासणीवाली, कुणीही."

"आणि आत काही झालं असेल तर? दूध उतू गेलं असेल तर?"

"तिथे गॅसच नाही. दूध कुठून उतू जाणार?"

"बाबा, मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही. माझ्याकडे आता मागायला एवढंच आहे. ते तरी नीट दे."

"दिलं," मी म्हटलं.

३० मे

बाबांनी दार दुरुस्त केलं. दार उजवीकडे उघडायचं, म्हणून डावीकडच्या तिन्ही खाचांत लाकडाच्या चिपा बसवल्या. ह्याने प्रत्येक वेळी सांगितलं, "हीच बाजू, बाबा," आणि बाबांनी प्रत्येक वेळी "माहीत आहे, जावईबापू" म्हटलं. दोघांनी पूर्ण दिवस घेतला. मला मधे येऊ दिलं नाही. चिपांचा रंग थोडा वेगळा आहे. मी रंग लावू का विचारलं तर बाबा म्हणाले, "दिसू दे."

१४ जून

बाबा राहायला आले. सामान एका फेरीत. तिसऱ्या मजल्याची किल्ली परत दिली, तेव्हा जिना स्वतः उतरले, कठड्याला हात न लावता. मला दाखवायला.

१६ जून

आज मी न वाजवता आत गेले. घाईत, कपडे द्यायला. बाबा पलंगावर बसले होते, पायांत एकच मोजा, दुसरा हातात. मोज्याकडे बघत होते. माझ्याकडे पाहिलं आणि मोजा पाठीमागे लपवला. शाळेतल्या मुलासारखा.

मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. बाहेर उभी राहून वाजवलं. आतून उत्तर आलं नाही. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बरोबर केलं.

२१ जून

सकाळी चहा घेऊन गेले. दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"थांब जरा."

थांबले. आत काहीतरी सरकलं. मग काही नाही. मग पावलं, पलंगापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून परत. काहीतरी पडलं, जड नाही. माझा हात कडीवर गेला. काढला. परत वाजवावं का? वाजवलं होतं. त्यांनी थांब म्हटलं होतं. चहावर साय धरायला लागली होती. आत बाबा स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते, एक-दोन-तीन केल्यासारखं, आणि परत पहिल्यापासून. वर्षातून एकदा तपासनीस बाई येतील आणि काय जमतं ते लिहून नेतील. हे कुठल्या रकान्यात बसतं, मला माहीत नाही.

हा कामाला निघाला होता. चप्पल घालता घालता थांबला.

"अगं, घरातल्या घरात काय उभी आहेस?"

"वाजवलंय," मी म्हटलं.